रेखाचं फिजिक्स

दत्ताचा फोन आला तवा मी भाकरी थापायले होते. "माय, रेखा ड्युटीवर चक्कर येऊन पडली..." येवढंच बोलला अन् फोन ठिवला. दत्ता माजा लेक. रेखा माजी सून, परभनीला दवाखान्यात नर्स होती. तव्यावरची भाकर काळी ठिक्कर झाली, मला वास बी आला न्हाई. आता तिला जाऊन महिना झाला. मला लिहिता येत न्हाई. मी बोलायले, नात पल्लवी लिहून घ्यायली.

रेखा पालमकडची. लगीन करून ताडकळसजवळ आमच्या गावात आली तवा तिचा बारावीचा एकच विषय राहिला होता, फिजिक्स. तेवढा निघाला की नर्सिंगला नंबर लागंल म्हनायची. पल्लवी पोटात असताना नापास झाली, पल्लवी रांगायली तवा पुन्यांदा नापास. दत्ता म्हनला, "आता बास कर की." शेजारची सरूबाई तर पान्याला आली की टोमना मारायचीच, "काय गं, सुनंला डाक्टरीन करती का?" म्या म्हनलं, "करते. पैलं इंजेक्शन तुलाच."

बाजारच्या दिवशी ताडकळसला एक सर शिकवायचे अन् घरी करायला गनितं, प्रश्न द्यायचे. दुपारी मी वाकळ शिवायला बसले की ही पुस्तक घेऊन समोर. मोठ्यानं वाचायची, मंग पुस्तक मिटून मला सांगायची, अन् शेवटी इचारायची, "आत्या, कळलं का?" न्हाई म्हनलं की पुन्यांदा, येगळ्या तऱ्हेनं. मला कळल्याबिगर तिनं वहीत उत्तर उतरिवलं न्हाई. दुसरीतून शाळा सुटलेली बाई मी, काळं लुगडं उन्हात पोळतं येवढंच मला ठाऊक. "तेच तर हाय आत्या ह्या धड्यात," म्हनून हसायची. पर खोटं हो म्या कदी म्हनलं न्हाई. त्यानं तिचंच नुकसान होतं.

एकदा प्रश्न आला, लोहचुंबक लय तापवला तर काय होईल? म्या म्हनलं, जोर येईल, जास्त वढंल. ती म्हनली, "पुस्तकात हाय, वढायचंच सोडून देतो." मला पटंना. माज्याजवळ जुन्या रेडिओतला लोहचुंबक होता, वाकळ शिवताना पडलेल्या सुया हुडकायला. तिची नजर त्याच्यावर गेली. "आत्या, द्या."

"अगं, मंग माज्या सुया कशानं हुडकू?"

"तुमाला पटल्याबिगर मी पुढं जायची न्हाई."

दिला. चुलीतल्या इंगळात घातला, लाल होऊ दिला, चिमट्यानं काढून निवू दिला. सुई लावली... खाली पडली. पुन्यांदा लावली, पुन्यांदा पडली. ती म्हनली, "आत बारीक बारीक लोहचुंबक असतात, सगळ्यायचं तोंड एकीकडं असतं, म्हनून वढतो. तापलं की सगळे सैरभैर. आत्या, कळलं का?" कळलं म्हनलं. दत्ता घरी आला, चुलीपुढं पडलेला लोहचुंबक बघून म्हनला, "आज भाजी लोहचुंबकाची का?" दोघी लय हसलो. त्या खेपंला तिचा विषय निघाला.

आता पल्लवी अकरावी सायन्सला हाय. माय गेल्यापासून तिनं पुस्तकं बांधून माळवदावर टाकली. "आजी, मी घर बघते," म्हनली. म्या म्हनलं, "घर बघायला मी जित्ती हाय. पुस्तकं खाली आन." आनली. माज्यासमोर बसिवली. काल इजेच्या तारा उन्हाळ्यात का लोंबतात ते सांगायली होती. मधीच रडायली, तशीच कसंबसं संपवून म्हनली, "आजी, कळलं का?"

कळलं होतं. पर म्या म्हनलं, "न्हाई कळलं. पुन्यांदा सांग." तिनं डोळे पुसले अन् पैल्यापासून सांगायली... ह्या वक्ती आवाज खनखनीत.

आता हे लिहिता लिहिता थांबली अन् माज्याकडं बघायली.

काय बघतीस? लिही.