अप्पांची गुलाबी गोळी

आज सकाळी लेकीचं पोट दुखायला लागलं. मी औशातल्या मेडिकलवर चघळायची ॲसिडिटीची गुलाबी गोळी मागितली. मेडिकलवाले मामा म्हणाले, "लेकराला अशी न्हाई देता येत. डॉक्टरला दाखवा."

अरे, लहानपणी माझे वडील, अप्पा, मला तीच द्यायचे की! आईला फोन लावला.

आई हसली. "औषध कुठलं? आपल्या दुकानातल्या बरणीतली पेपरमिंट होती ती. तुझं पोट शाळेच्या टायमालाच दुखायचं. अप्पांला समदं ठाऊक होतं."

तरी अप्पा मला दिवसभर गल्ल्यापाशी शेजारी बसवून घ्यायचे. वारेपर्यंत त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

घरी येऊन लेकीला विचारलं, "आज शाळेत काय हाय?"

"गणिताची टेस्ट."

मी तिला शेजारी बसवून घेतलं.

तुमचं पोट कोणत्या विषयाला दुखायचं?