पहिल्याच हाताचा रंग

आमचे हे, म्हणजे दिगंबर, एका मोटार कारखान्यात टचअपला होते. दुसऱ्यांनी रंगवलेल्या गाडीवर ओघळ, खडा, ओरखडा शोधायचा आणि तिथं काही होतं हे कळूही नये असा मिटवायचा. रिटायर झाल्यावर हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये यांना दोष काढायला मी एकटीच उरले. म्हणून रिमोटवर पळणारी गाडी घ्यायचं त्यांनी काढलं, तेव्हा मीच आधी हो म्हटलं.

गाडीची बॉडी आली ती पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकची. रंग आपला आपण द्यायचा. सोबतची माहिती यांनी वाचलीच नाही. "हे मला शिकवणार?" म्हणाले, आणि सवयीप्रमाणे बाहेरून वॉटर पेपर घासून त्यावर मोटारीचा लाल रंग मारला. गाडी पहिल्यांदा कपाटाला धडकली आणि रंगाचे पापुद्रे फरशीवर. झाडले अर्थात मीच.

वाघोलीच्या एका मोकळ्या मैदानात रविवारी अशा गाड्या पळवणारी मंडळी जमतात. त्यांच्यातल्या योगेशला यांनी फोन केला. तो म्हणाला, "काका, ही बॉडी आतून रंगवतात. तिचा स्प्रे वेगळा येतो. आणि पहिला हात जो बसेल ना, तोच बाहेरून दिसणार. नंतर वरून काही करता येत नाही."

यांचा चेहरा उतरला. ज्या माणसाला चुकीवर दुसरा हात मारायची सवय, त्याला पहिलाच हात शेवटचा म्हटल्यावर धसका बसणारच. नवी बॉडी आली, स्प्रेच्या दुकानातून शेड कार्ड आलं, पण रंग काही ठरेना. लाल सगळ्यांचाच असतो. पांढऱ्यावर चिखल दिसतो. हिरवी गाडी गवतात सापडणार नाही. मी फोडणी टाकली की हे कार्ड घेऊन ओट्याशी हजर. "कुठलाही घ्या," म्हटलं तर म्हणायचे, "कुठलाही असा रंग नसतो." नुसता वैताग. रविवारी गाडी घेऊन येतो, असा योगेशला शब्द देऊन बसले होते आणि शुक्रवारपर्यंत बॉडी कोरीच.

शेवटी मीच सांगितलं, "नारिंगी, मधून काळा पट्टा. नाहीतर गाडी भंगारवाल्याला देते."

शनिवारी गॅलरीत पेपर पसरून, टेप लावून यांनी आतून आधी काळा मारला, मग नारिंगी. श्वास रोखून मारत होते. रविवारी सकाळी बॉडीवर बाहेरून चिकटवून आलेली पातळ फिल्म सोलली, तर काळा रंग टेपखाली झिरपलेला. पट्ट्याची एक कड उंदरानं कुरतडल्यासारखी. हे नुसते बघत बसले. मी म्हटलं, "जायचं नसेल तर तसं सांगा, मी कुकर लावते."

"जायचंय," म्हणाले.

मैदानात योगेशनं बॉडी हातात घेतली. "भारी झालीय, काका." यांनी लगेच बोट ठेवून ती कड दाखवली. त्याच्या लक्षातही आली नव्हती.

"एवढंच ना? यावर स्टिकर बसतो," म्हणत त्यानं एक काढूनही दिला.

यांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत केला. "राहू दे. माझ्या हातची चूक आहे. दिसू दे."

दारातल्या माझ्या रांगोळीची रेघ जरा वाकडी गेली, की ओलं फडकं घेऊन पुसायला येणारा माणूस असं म्हणाला. मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणीच आलं.