चश्मा काढून दिलेली तार

थांबा, हे मले आजच सांगू द्या. उद्या हिंमत राह्यते का नाही, काय माहीत!

मामाले जाऊन महिना झाला. मंगरूळपीरच्या पोस्टात तारबाबू होता माहा मामा. आलेली तार त्यानंच उतरवून घेतलेली असे, तरी हातात देतानी चश्मा काढून टेबलावर ठेवे. "तुमची तार, तुमीच वाचा." लोक मस्करी करत, बाबू आंधळा झाला म्हंजे आपली तार आली समजा...

दवाखान्यात शेवटचं भेटलो, तवा त्यानं सांगतलं. चार वर्सांआंधी गावातल्या शेअर दलालाच्या नावानं मुंबईहून तार आली, अमुक गिरणी बंद पडनार, शेअर विका. त्याच गिरणीचे शेअर शेजारच्या सुमनबाईजवळ होते. बाई शाळेत शिकवत. नवरा जातानी पोरीच्या नर्सिंगसाठी तेवढंच ठेवून गेला होता. मामाच्या पोटात राह्यलं नाही. जनमभर कोनाची तार बोलला नाही, तेवढी एक बोलला. बाईनं दुसऱ्याच दिवशी मातीमोल भावात शेअर विकले. घेतले कोनं? त्याच दलालानं! गिरणी काई बंद पडली नाही, भाव पुन्हा चढला, अन् पोरगी घरीच राह्यली.

मंग मामाले आठोलं. त्या तारेच्या आठ दिवस आंधी त्याच दलालाची तार मामानंच मुंबईले ठोकली होती, ह्याच गिरणीचे शेअर विका म्हनून. जवळ एक बी शेअर नसतानी! आंधी नसलेले शेअर चढ्या भावात इकून बसला, मंग मुंबईहून सोताच खोटी तार मागवून भेव पसरवलं, बाईचे स्वस्तात घेतले अन् मुंबईच्या गिऱ्हाइकाले देऊन टाकले.

"ती तार त्याच्यासाठी नव्हतीच रे," मामा म्हने, "माह्यासाठी होती. हा शेजारनीले सांगल्याशिवाय राह्यत नाही, त्याले ठाऊक होतं."

खरंच तसंच झालं का, पक्कं कोन सांगनार... तक्रार करावी तं तार फोडली म्हनून नोकरी जाये. मामा चूप राह्यला. मले एवढंच म्हने, बाईले सांगजो.

मामाच्या पुण्यानुमोदनाले, म्हंजे त्याच्या आठवनीतल्या वंदनेले, सुमनबाई घरी आल्या. म्या सारं सांगतलं. त्या घरच्या टेबलावरच्या मामाच्या चश्म्याकडं पाहात राह्यल्या.

"दलालाचा डाव मले तवाच समजला होता, पोरा. म्या तोंड उघडलं असतं तं त्याइची नोकरी गेली असती."

भिंतीले भिंत लागून घर, अन् चार वर्सं दोघं बी चूप! दलालाचं दुकान मात्र उघडंच हाय.

चश्मा अजून तिथंच हाय, दवाखान्यात जातानी मामानं ठेवला तसा. मले समजूनच नाही राह्यलं, मामा बोलला हे चुकलं, का मंग बोलला नाही हे. तुमच्या घरी झालं काय असं कधी? आपलं समजून कोनी सांगतलं, अन् तेच...?