सकाळचं माप

आधी चाचांचं सांगतो. गाडी नंतर येईल.

अकोल्यात रेल्वे पुलाजवळच्या एका गल्लीत चाचांचं दुकान आहे. दुकानात एकच मशीन, इंजिनाचं सिलिंडर आतून कोरून मोठं करायचं. मी देवगडकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. आंब्याच्या ट्रकबरोबर पेट्या उतरवायला म्हणून अमरावतीला आलो आणि बडनेऱ्याच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात राहून गेलो, त्याला आता बारा वर्षं झाली. मला मायक्रोमीटर वाचायला चाचांनी शिकवलं. दशांश चिन्ह कुठे द्यायचं हे शाळेत मला कधी कळलं नव्हतं, ते चाचांच्या स्टुलावर बसून एका दुपारात कळलं. तू कोणाच्या हाताखाली शिकलास, असं कोणी विचारलं तर मी चाचांचं नाव सांगतो. गॅरेजच्या मालकांना ते आवडत नाही. न आवडू दे.

माझा स्वभाव मुळात भित्रा. एकच नट तीनदा तपासतो, रात्री अंथरुणात पुन्हा मनातल्या मनात आवळतो. एवढ्या लांब, ना गणगोत ना जमीन, हातातलं काम गेलं तर जायचं कुठे, हा विचार कायम पोटात असतो. म्हणून त्या उन्हाळ्यात मी जे बोललो ते माझ्याच तोंडून आलं, यावर मला अजून विश्वास बसत नाही. पण बोललो, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

चांदूर रेल्वे या गावचे एक निवृत्त गणिताचे सर आपली जुनी गाडी घेऊन आले होते. दोन सिलिंडरची, दोन सायलेन्सरची. कंपनी बंद होऊन जमाना झाला. सरांनी पहिल्या नोकरीत घेतलेली ती गाडी दहा वर्षं गोठ्यात उभी होती. इंजिन उघडलं तर एकाच ठोकळ्यातले दोन्ही सिलिंडर झिजून लंबुळके झालेले. अशा वेळी सिलिंडर कोरून गोल करतात आणि त्यात थोडा मोठा, ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. हे आधी तीनदा होऊन गेलं होतं. आता शेवटचा साइज उरला होता. त्यापुढे कोरायला लोखंडच नव्हतं, आणि असलं तरी त्यापुढचा पिस्टन कुठे मिळत नव्हता. म्हणजे या वेळी चुकलं की मूळचं सिलिंडर संपलं, आत नव्या नळ्या ठोकण्यावाचून इलाज नव्हता.

सरांनी कुठून कुठून विचारून शेवटच्या साइजची पिस्टनची जोडी मिळवली. मी सिलिंडर आणि पिस्टन गोणपाटात बांधून एसटीने अकोल्याला नेले. भर दुपारी पोचलो. चाचांनी पिस्टन हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

"आज नाप नाई," ते म्हणाले. "थे अल्युमिनम हाय, थे लोखंड. एक लवकर फुगते, एक उशिरा. दोघायनं एक रात एका छताखाली काढली पायजे. मंग खरं बोलतात."

मग सिलिंडर आणि पिस्टन आतल्या खोलीत, माठाशेजारी फरशीवर ठेवले. मीही त्याच घरात मुक्कामाला राहिलो. चाचींनी भाकर आणि वांग्याची भाजी वाढली आणि कोकणात माणसं रोज मासे कशी खातात, कंटाळत कशी नाहीत, हे खोदून खोदून विचारलं. सकाळी फजरची नमाज झाल्यावर चाचांनी मापं घेतली, आणि त्या मापावर दोन दिवस कोरलं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये किती फट ठेवायची, हे पुस्तकात असतं. चाचा त्यात वऱ्हाडातल्या उन्हासाठी अगदी चिमूटभर जास्त धरतात. फट कमी पडली तर पिस्टन तापून फुगतो आणि चालत्या गाडीत जाम होतो. जास्त झाली तर खडखडतो आणि इंजिनाचा जोर जातो.

परत आल्यावर सिलिंडरमधली कोरण्याची भुकटी जावी म्हणून मी ते साबणाच्या पाण्याने धुतलं आणि गॅरेजपुढे उन्हात वाळत ठेवलं. धुऊन उन्हात ठेवायचं, असंच सगळे करतात. पिस्टन मात्र मालकांच्या केबिनमध्ये, टेबलावर, कूलरच्या झोतात होते. धूळ लागू नये म्हणून. दुपारी दोनला सर आले. मालकांनी त्यांच्यादेखत सिलिंडर आत आणवलं, पिस्टन आत सोडला आणि फट मोजायच्या पातळ पट्ट्या काढल्या. बसायला नको होती ती जाड पट्टी सहज आत गेली. दुसऱ्या सिलिंडरमध्येही तेच.

मालकांचा चेहरा उतरला. सरांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, कितवीपर्यंत शिकलास? आठवी, म्हणालो. त्यांनी मालकांकडे असं पाहिलं की मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. चाचांकडे काम न्यायचा हट्ट माझा होता. मालक नागपूरला पाठवणार होते.

मालकांनी तिथल्या तिथे चाचांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"चाचा, ढिल्लं केलं ना तुमी. दोनी बी. आता डोये गेले तुमचे, बंद करा ना मशीन. कायले लोकायच्या गाड्या मारता?"

मला वाटलं, चाचा आता भडकतील, निदान हसतील तरी. ते एवढंच म्हणाले, "असन बाप्पा. डोयाचा काय भरोसा." आणि फोन ठेवला.

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पन्नास वर्षं मशीन चालवणारा माणूस एका फोनवर स्वतःच्या हातावर शंका घेतो, हे मला ऐकवेना. आणि ती शंका माझ्यापायी होती.

ठरलं असं, की सिलिंडर उद्या नागपूरला पाठवायचं, आतलं सगळं काढून लोखंडी नळ्या ठोकायच्या. म्हणजे चाचांनी केलेलं काम भुशासारखं उडवायचं. सिलिंडर नेऊन दाराशी ठेव, संध्याकाळी बांध, असं मालकांनी सांगितलं. मी ठेवलं. चार वाजता गोणपाट घेऊन गेलो आणि उन्हातलं ते सिलिंडर उचललं तर दोन्ही तळवे भाजले. हातातून सुटता सुटता वाचलं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. दुपारीही ते असंच उन्हातून आत आलं होतं, फुगलेलं. आणि पिस्टन कूलरपुढे बसून आक्रसलेले. दोघांनी वेगवेगळ्या छताखाली दिवस काढला होता. आणि सिलिंडर उन्हात ठेवणारा मीच होतो.

मी केबिनमध्ये गेलो. सर चहा पीत होते. म्हणालो, मी बांधणार नाही. चूक चाचांची नाही. उन्हात मी ठेवलं, माझी चूक. उद्या सकाळपर्यंत दोन्ही एका खोलीत राहतील, मग मोजा.

"तुह्यं डोकं फिरलं काय बे?" मालक म्हणाले. "लोखंड काय पुरी हाय काय फुगाले?"

"पुरीपेक्षा कमी फुगतं," मी म्हणालो. "पण तुमची पट्टी केसाच्या चौथाईचा फरक दाखवते. तेवढं फुगतं."

"अन् नाई जमलं त?"

"तर मी उद्या गॅरेज सोडतो."

हे मी का म्हणालो, देव जाणे. जायला जागा नव्हती. सरांनी कप खाली ठेवला, टेबलावरचा एक कागद ओढून पेन्सिलने काहीतरी गुणाकार केला, पुन्हा केला. मग मालकांना म्हणाले, "एक रात्र थांबू. याचं म्हणणं गणितात बसते."

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सकाळी सहाला सर चांदूरहून पहिल्या गाडीने आले होते. मागच्या खोलीत शहाबादी फरशीवर सिलिंडर आणि पिस्टन शेजारी शेजारी होते, हाताला सारखेच गार. पट्टी मालकांनी धरली. कालची जाड पट्टी आत गेली नाही. त्याखालची, चाचांनी सांगितलेली, किंचित अडून तेल लावल्यासारखी सरकली. दुसऱ्या सिलिंडरमध्येही तीच. सरांनी पट्टीवरचा आकडा स्वतः वाचला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

"बरं हाय, बसवून टाक मंग," म्हणून मालक नाश्त्याला गिला वडा आणायला निघाले.

मी पाना खाली ठेवला. म्हणालो, आधी चाचांना फोन करा. काल सगळ्यांसमोर केला तसाच. मग पिस्टन बसवीन.

मालक दारात उभे राहिले. मला वाटलं, आता गेलं काम. सर खुर्चीवर बसून राहिले, घाई नसल्यासारखे. शेवटी मालकांनी फोन काढला.

"चाचा, नाप बराबर हाय तुमचं. आमचंच चुकलं."

चाचांनी विचारलं, "दोनी?"

"दोनी."

"मंग तेल लावून बसवा."

पिस्टन मी गरम तेलात घालून काढले, पिना हाताने सरकवल्या, पिस्टनच्या माथ्यावरचे बाण पुढच्या बाजूला आहेत की नाही हे तीनदा पाहिलं. गाडी चौथ्या किकला सुरू झाली. सरांनी महिनाभर ती हळू चालवली, उन्हात, मे महिन्यात, चांदूर ते अमरावती, अमरावती ते चांदूर. जाम झाली नाही. खडखडलीही नाही.

मग एका रविवारी मी सरांकडून मागून ती अकोल्याला नेली. चाचा दुकानाबाहेर येऊन डोळे मिटून इंजिन ऐकत राहिले. बंद करायला सांगितलं, पुन्हा सुरू करायला सांगितलं. तारीफ केली नाही. चहा घेताना चाचींकडून कळलं की मोतीबिंदूचं ऑपरेशन ते दोन वर्षं लांबवत आहेत. तेवढे दिवस मशीनवर उभं कोण राहणार, म्हणून.

चाचा, मी उभा राहीन. आज म्हणत नाही, कारण माझा हात अजून त्या मशीनवर बसलेला नाही आणि तुमच्या नावावर कच्चं काम निघालेलं मला चालणार नाही. पण दर रविवारी येतो आहे. ज्या दिवशी माझ्या हातचं सिलिंडर तुम्ही सकाळी मोजाल आणि काही न बोलता खाली ठेवाल, त्याच दिवशी दवाखान्यात तुमचं नाव लावणार. मशीन एक दिवसही बंद राहणार नाही. ही फेड मी करणारच, तुम्ही कितीही नको म्हणा.