इंजिन विहिरीत उतरवलं त्या वर्षी

मे २००३, रविवार, सकाळी नऊ. चांदवडजवळची आमची विहीर. हजर: थोरला भाऊ, वहिनी, शेजारच्या मळ्यातले काका आणि जहाजावरून सुट्टीवर आलेला मी.

पाणी खोल गेलं म्हणून दादाने त्या वर्षी पहिल्यांदाच डिझेल इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर ठेवलं होतं. तासभर धूर ओकून ते बंद पडलं. ते सुरू करायला उतरण्याआधी दादाने रिवाजाप्रमाणे पेटता कंदील दोरीने खाली सोडला. विझला नाही.

“हवा साफ हाय.”

“दादा, थांब. प्राणवायू संपला तरच कंदील विझतो. इंजिनाच्या धुरातलं विष त्याला कळत नाही.”

“तुमच्या बोटीवर शिंकायलाबी कागद भरत्यात का रे? वीस वर्सं उतरतोय मी!”

जहाजावर मी चीफ ऑफिसर. डेक धुवायला आम्हीही कागद भरत नाही. पण जागा, यंत्र, माणूस यांतलं काहीही बदललं, की काम थांबवायचं आणि काय बिघडू शकतं ते आधी लिहून काढायचं. बंद जागेत उतरायचं असेल तर काही बदललेलं नसलं तरी. दादाच्या वीस वर्षांत इंजिन कायम काठावर होतं. हे त्याला ठणकावून सांगायचं सोडून मी धाकटा भाऊ झालो आणि म्हणालो, “कमरेला दोर तरी बांध.”

“बांध बाबा. बैल समज,” दादा म्हणाला. वहिनी हसली.

दहाव्या पायरीवर त्याचे हात सुटले. काका हातातला दोर सोडून त्याच्यामागे उतरायला धावले. अशानेच एकाचे दोन जीव जातात. वहिनीसमोर मी त्यांना अशी शिवी हासडली की ते जागीच थबकले. तिघांनी मिळून ओढलं. दादा वर आला, ओकला. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी त्याचं पहिलं वाक्य: “लय आवळला होतास.”

दोरामुळे दादा वाचला, असं सांगून गाव आजही माझं कौतुक करतं. ते ऐकलं की डोकं फिरतं. जहाजावर खलाशाला मी एका शब्दात अडवतो आणि सख्ख्या भावाला उतरू दिलं. दोर ही माझी पळवाट होती.

इंजिनाचा धूर काठाबाहेर सोडायला मी पाइप आणला. दादा म्हणाला, “पुढच्या उन्हाळ्यात बघू.” असे किती उन्हाळे गेले. दादा अजून उतरतो. पाइप जोडायचा राहिलाय.