घरी मांजर आहे काय?

“घरी मांजर आहे काय?”

डॉक्टर नमस्काराऐवजी हेच विचारायचे. पुतण्यासाठी कटंगीला मुलगी पाहायला गेले, तिथंही आधी हाच प्रश्न. मुलीच्या बापाला वाटलं, हुंड्यात मांजर मागतात. सोयरीक मोडता मोडता राहिली.

तुम्ही म्हणाल, माणूस चक्रम होता. होताच. बालाघाटच्या लाकूड डेपोत मी कारकून, ते सरकारी ढोरांचे डॉक्टर. शिकारी नुकत्याच बंद झाल्या होत्या, जंगलात बिबटे मोजकेच उरले होते. लामता गावाकडे आई मेलेलं बिबट्याचं पिल्लू सापडलं, मादी. तिला डेपोमागच्या तारेच्या जाळीत वाढवून परत जंगलात सोडायचं ठरलं आणि ती जबाबदारी डॉक्टरांच्या गळ्यात पडली. नेमकी तेव्हाच गावात मांजरांची साथ आली. ताप, ओकाऱ्या, की मांजर खलास. हा रोग आपल्या कपड्यांवरून, चपलांवरून बिबटीला लागेल आणि तिच्यासोबत जंगलात जाईल, ही डॉक्टरांची धास्ती.

म्हणून जाळीच्या दारात चुन्याच्या पाण्याचं घमेलं. पाय बुडवल्याशिवाय प्रवेश नाही. आमच्या पांढऱ्या चपला पाहून बाजारात लोक विचारायचे, “काहून बाबू, घर रंगवून राह्यले काय?”

स्वतःच्या बायकोची लाडकी मांजर चिंगीसुद्धा डॉक्टरांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला मेव्हण्याकडे धाडली. वहिनी महिनाभर धड बोलल्या नाहीत.

एकदा भोपाळहून बडे साहेब आले. त्यांना पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढायचा होता. डॉक्टरांनी प्रश्न विचारला. साहेबांच्या बंगल्यात दोन मांजरी निघाल्या. दार बंद.

“जानते हो मैं कौन हूँ?”

“मैं तो जानता हूँ साहब. रोग नहीं जानता.”

लवकरच डॉक्टरांच्या बदलीचा हुकूम आला. हातापाया पडून त्यांनी तो बिबटी सुटेपर्यंत थांबवून घेतला. तिला जंगलात शिरताना पाहायचं, एवढीच त्यांची हौस. त्या दिवसासाठी नवा खाकी शर्ट शिवला.

आदल्या दिवशी चिंगी मेव्हण्याकडून चालत घरी आली, डॉक्टरांच्या मांडीवर बसली आणि ओकली.

सकाळी मी बोलवायला गेलो, तर खिडकीतूनच म्हणाले, “तिथंच थांब बाबू.” आणि सगळं सांगितलं.

“कोणाले माहीत आहे डॉक्टर? आंघोळ करा, चुन्यात पाय बुडवा अन् चला. तुम्हाले कोण अडवते?”

“रोगाले माझी तरी कुठं ओळख आहे?”

मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. शेवटी आम्हीच ट्रक घेऊन गेलो. पिंजरा उघडला, बिबटी उतरली.

दुपारी मी पुन्हा त्यांच्या खिडकीसमोर रस्त्यावर उभा राहिलो.

“गेली?”

“हौ.”

“मागं वळून पाह्यलं काय तिनं?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “नाही. सीध्धी बांबूत शिरली.”

“बरं झालं,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी नवा शर्ट घातला होता, भांग पाडला होता. मांडीवर चिंगी होती आणि ते चमच्यानं तिला पाणी पाजत होते.