डार्विनवादी म्हणू नका

माझ्या थोरल्या भावाच्या वर्गमित्राला वादात हरवलेला माणूस अजून जन्माला यायचाय, आणि त्याच्याकडून हरलेलाही; कारण त्याच्याशी वाद सुरूच होत नसे. पहिल्याच वाक्यात समोरच्याने कुणावर तरी शिक्का मारलेला असे, आणि तो शिक्का पुसून घेण्यातच दुपार संपून जाई. दोन हजार चार-पाचच्या सुमारास आम्ही दोघंही जर्मनीत, एर्लांगेनला होतो. मी कंपनीत इंजिनिअर, तो विद्यापीठात भुंगेऱ्यांवर संशोधन करणारा. मी चाळिशीला टेकलो होतो, पण त्याच्या लेखी मी मित्राचा भाऊ, म्हणून कायमचा 'धाकट्या'.

भुंगेऱ्यांच्या लोकांची एक रीत असते. टाचणीवर भुंगेरा, त्याच्या खाली एक चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, कुणाला. ही चिठ्ठी कधीही बदलायची नाही. जातीचं नाव दुसऱ्या चिठ्ठीवर, तिच्याखाली, आणि ते कुणी ठरवलं हेही तिथेच. पुढे एखाद्याला वाटलं की नाव चुकलंय, तर त्याने आपली चिठ्ठी आणखी खाली लावायची. आधीची काढायची नाही. बाकीचे लोक ही रीत संध्याकाळी प्रयोगशाळेत ठेवून घरी जात. हा ती सोबत घेऊन हिंडत असे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी कौतुकाने म्हणालं, "हे आमचे कट्टर नास्तिक," तर हा मोदक हातात धरून विचारी, "कुणी ठरवलं? आणि कधी?" न्युरेम्बर्गच्या गाडीत चुकीच्या झोनचं तिकीट निघालं आणि तपासनीस त्याला 'श्वार्त्सफारर' म्हणाला, म्हणजे फुकट्या. दंड याने हसत भरला, पण तो शब्द लावून घेतला नाही. "मी कमी अंतराचं तिकीट काढून जास्त अंतर आलेला प्रवासी आहे," हे तो त्या बिचाऱ्याला न्युरेम्बर्ग येईपर्यंत समजावत होता. शेवटी तपासनीस "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत दुसऱ्या डब्यात पळाला.

आणि नियतीने या माणसाला खोली कुठे द्यावी? गावातल्या एका अतिशय धार्मिक विधवाबाईंच्या पोटमाळ्यावर. बाई एका छोट्या, कडक ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत जायच्या. पृथ्वी सहा दिवसांत झाली, यात त्यांना शंका नव्हती. दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे कॉफी आणि प्लमचा केक असे, आणि उत्क्रांतीवर वाद. मी तिसरा, मान डोलावायला.

"आल्झो, हेर डॉक्टर," बाई सुरुवात करत, "तुम्ही डार्विनवादी लोक..."

"डार्विनवादी म्हणू नका. मी सायकलवरून जातो-येतो, म्हणून मी सायकलवादी होतो का?"

"मग उत्क्रांतीवर विश्वास ठेवणारे म्हणू?"

"विश्वास तुमचा. माझ्याकडे पुरावे आहेत. मला भुंगेरेवाला म्हणा."

मी एकदा त्याची बाजू घ्यायला गेलो आणि म्हणालो, "सगळे सृष्टिवादी असंच बोलतात." तर तो माझ्यावरच उलटला. "धाकट्या, सगळे म्हणजे कोण? पृथ्वी अवघी काही हजार वर्षांची मानणारे वेगळे, फार जुनी मानणारे वेगळे. आणि देवही मानतात, उत्क्रांतीही मानतात, त्यांना कुठल्या डब्यात कोंबणार आहेस? माझी आई देवपूजा आटोपून माझा प्रबंध वाचायला बसायची. शिवाय हे नाव बाईंनी स्वतःला दिलेलं नाही." विषयात मात्र तो तसूभर हलत नसे. बाईही हलत नसत. केक तेवढा संपत असे.

एका रविवारी बाईंचा पुतण्या आला. त्याच मंडळीतला, तरुण, इस्त्रीच्या शर्टातला. केकला हात न लावता म्हणाला, "टांटे, मंडळीत बोलणं चाललंय. तुमच्या डोक्यावर डार्विनवादी राहतो. ख्रिसमसपर्यंत खोली रिकामी करून घ्या."

"डार्विनवादी नाही," मित्र सवयीने म्हणाला.

"मग देवाने सृष्टी निर्माण केली, हे मान्य आहे?"

"नाही."

"म्हणजे डार्विनवादीच!"

"चहा नको म्हणणारा प्रत्येक जण कॉफीवाला नसतो हो," मित्र म्हणाला खरं, पण त्याचा आवाज उतरला होता. खोली दुसरीकडे मिळाली असती. हे टेबल मिळालं नसतं. त्या गावात त्याला घर म्हणावं असं हे एवढंच होतं, आणि ते मला माहीत होतं. मी नेहमीप्रमाणे बशीत बघत बसलो.

बाईंनी सुरी खाली ठेवली. "हे गृहस्थ," त्या सावकाश म्हणाल्या, "माझ्या दारात सापडले. ऑक्टोबरात, पावसात, दोन बॅगा आणि भुंगेऱ्यांची एक पेटी घेऊन. मला सापडले. एवढं पक्कं, ही झाली पहिली चिठ्ठी. तुझी चिठ्ठी तुला लावायची असेल तर लाव, पण तिच्या खाली. आणि आता केक घे."

पुतण्याने केक घेतला. खोली रिकामी झाली नाही. जिन्यात मित्राने रुमाल काढला. मग नाक पुसत म्हणाला, "चिठ्ठी उत्तम होती रे. फक्त पेट्या दोन होत्या."

पुढे त्याचं कंत्राट संपलं आणि तो दूरच्या एका संग्रहालयात गेला. आता मोकळेपणाने सांगतो: मला स्वतःला काय पटतं, ते मी त्या टेबलावर कधीच बोललो नाही, कारण घरी बायको संकष्टी करायची तेव्हाही मान डोलवायचो आणि इथे त्याच्या पुराव्यांनाही डोलवायचो. दोन्हीकडे खोटं वागतोय असं वाटून दोन्हीकडे अवघडायचो. मला त्याचंच पटत होतं. ते एकदा त्याच्यासमोर म्हणायला हवं होतं, एवढंच.

तो गेल्यावर बाईंनी मला रविवारी बोलावणं चालूच ठेवलं. पहिल्याच रविवारी केक कापून त्या म्हणाल्या, "चला, आता तुम्ही त्यांच्या बाजूने बोला." मी धीर करून दोन-चार वाक्यं बोललो. बाई मान हलवायला लागल्या. "नाइन, नाइन. असं नाही म्हणणार ते." आणि त्या स्वतःच सांगू लागल्या: गुहेतल्या आंधळ्या भुंगेऱ्याचे डोळे कसे पिढ्यान् पिढ्या झिजत जातात, त्यांच्या खुणा तेवढ्या कशा उरतात, आणि मुद्दाम घडवणाऱ्याने त्या खुणा कशाला ठेवल्या असत्या. इतकं नेटकं, इतकं त्याच्यासारखं, की मी कप तसाच धरून ऐकत राहिलो. मग त्यांनी ताठ बसून त्याचं बायबलच्या आधाराने खंडनही केलं.

आणि कॉफी ओतता ओतता थांबल्या. "यावर ते काहीतरी म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "काय, ते मात्र मला सुचत नाही."